जाळीचे वळ

स्पंज केक भट्टीतून काढला की तारेच्या जाळीवर उपडा करून निववतात आणि जाळीवर आधी स्वच्छ फडकं अंथरतात. फडकं विसरलं तर गरम केकच्या अंगावर तारांचे वळ उठतात. घरी खायला त्याने काही बिघडत नाही. करनूक गावच्या शोमध्ये, म्हणजे वार्षिक शेती-प्रदर्शनाच्या स्पर्धांत, मात्र वळ दिसला की केक बाद. नियम सातवा, पुस्तिकेचं चौथं पान, वरून तिसरी ओळ.

पायपरला हे आठव्या वर्षीच पाठ होतं. इतर मुलं गोष्टींची पुस्तकं उशाशी घेऊन झोपतात, तशी ती शोची छापील नियमपुस्तिका घेऊन झोपायची. कोपरे दुमडले की नवी आणावी लागे. तिची आई रोवेना दरवर्षी दोन आणून ठेवायची, एक वापरायला आणि एक कपाटात.

गेल्या मार्चमध्ये बाराच्या ठोक्याला हॉलचं दार उघडलं, गाव आत लोटलं, आणि अर्ध्या तासाने पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिरवणाऱ्या स्पंज केकसमोर उभी राहून पायपर म्हणाली, "याला जाळीचे वळ आहेत. हा बाद आहे. याला पहिलं बक्षीस कसं दिलं?"

तिचा आवाज मुळात खणखणीत. भोवती कालवा असला की तो आणखी चढतो, आणि चढलाय हे तिला कळत नाही. कुणी उत्तर दिलं नाही. प्रश्नाला उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारायचा असतो, म्हणून तिने पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत सगळा हॉल चिडीचूप झाला होता. रोवेना गर्दीतून वाट काढत पोचली आणि तिला उचलून बाहेर घेऊन गेली. पायपर हातपाय झाडत ओरडत होती, कारण तिचं अकरावं टेबल चालू होतं आणि पुढची टेबलं राहिली होती.

केक ग्लेनिस ट्रेलोरचा होता. तिच्या नवऱ्याला, केनला, मूठमाती देऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

या गोष्टीला वर्ष होत आलं. करनूकमध्ये कुणी रोवेनाला वाकडं बोललं नाही. तिथली ती रीतच नव्हे. दुकानात लोक नेहमीसारखे हसायचे, फक्त पायपर सोबत असली की यादीतलं अर्धंच सामान घेऊन घाईने निघायचे.

शोला दोन आठवडे राहिले तेव्हा मर्ल हॉज पशुखाद्याच्या दुकानात आली. रोवेना तिथे गल्ल्यावर बसते. मर्ल बावीस वर्षं शोची चिटणीस. हॉलच्या किल्ल्या तिच्या कमरेला आणि गाव तिच्या मुठीत. तिने कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी गल्ल्यावर टेकवली आणि तिथेच रेलली.

"या वर्षी पायपरला जरा उशिरा आणशील का गं? चारनंतर. गर्दी ओसरलेली असते."

"चारला प्लेटा उचलायला लागतात, मर्ल."

"मग उचलताना बघेल की."

"तिला परीक्षकांच्या शेऱ्यांच्या कार्डांसकट बघायच्यात. तिचे स्कोन आहेत स्पर्धेत या वेळी. सहा. गेले आठ महिने आम्ही रविवारचे तेच गोल पाव खातोय."

"स्कोन तू आणून दे. त्याला तिने कशाला यायला हवं?" मर्लने आवाज खाली आणला. "बाई गं, मी काय तुमच्या वाईटावर आहे का? पण त्या ग्लेनिसचा विचार कर. आत्ता कुठे खपली धरलीय."

रोवेनाने पिशवीचे पैसे घेतले. तिला काही सुचलं नाही असं नव्हतं. सुचलेलं सगळं ती याआधी बोलून बसली होती. दोन वर्षांपूर्वी मोठ्या गावच्या डॉक्टरांनी पायपरच्या वागण्याला नाव दिलं, अ‍ॅस्पर्गर, आणि समजावून सांगणारा एक कागद दिला. रोवेनाने त्याच्या वीस प्रती काढून वाटल्या. मर्लने चांगल्या मनाने एक प्रत हॉलच्या फळ्यावर टाचली. 'पायपरला समजून घेताना' असं वर ठळक अक्षरात, डावीकडे हरवलेल्या कुत्र्याचा फोटो, उजवीकडे विकाऊ पाण्याची टाकी. रोवेना संध्याकाळी जाऊन तो कागद काढून आली. तेव्हापासून समजावून सांगायची वेळ आली की ती विषय बदलायची.

पण त्या दिवशी घरी गेल्यावर पायपरने जेवणाच्या टेबलावर हॉलचा नकाशा मांडला. दहा टेबलं लाल पेन्सिलने रंगवलेली, अकरावं अर्धं. उरलेली पांढरी.

"ही बघायची राहिलीत," ती म्हणाली. गेले वर्षभर ती हे आठवड्यातून दोनदा तरी म्हणत होती. "बासष्ट प्लेटा, बरण्या धरून. या वर्षी पहिल्यापासून बघावं लागेल, कारण सगळ्या नव्या असतील."

"पायपर, समजा या वर्षी नाही जमलं तर?"

पायपरने नकाशावरच्या एका पांढऱ्या टेबलावर बोट ठेवलं. "शो आहे," ती म्हणाली. "तारीख छापलीय."

रविवारी रोवेना ग्लेनिसकडे निघाली. ग्लेनिसने हो म्हटलं तर मर्लला नाही म्हणता आलं नसतं. हॉलमधल्या मांडणीची कारभारीण ग्लेनिसच होती. रोवेना एकटीच जाणार होती, पण नवरा मेंढ्यांचा ट्रक घेऊन गेलेला, म्हणून पायपरला बरोबर घ्यावं लागलं.

"तू गाडीत बस. मी दहा मिनिटांत येते."

"दहा?"

"पंधरा."

ग्लेनिस फाटकातच उभी होती. बहात्तरीची, काडीसारखी सरळ. तिने गाडीत डोकावून पाहिलं. "तिला काय उन्हात शिजत ठेवतेस? आत आण."

स्वयंपाकघरात ग्लेनिसने चहा ठेवला. रोवेनाने गाडीत तीन वेळा घोकलेलं वाक्य सुरू केलं. "ग्लेनिस, तुम्हाला ठाऊक असेल, पायपरला अ‍ॅस्पर्गर आहे. आता डॉक्टर त्यालाच ऑटिझम म्हणतात. म्हणजे काय, तर–"

"फळ्यावरचा कागद वाचला होता मी. तो कुत्रा सापडला का?"

"सापडला."

"बरं झालं."

पायपर बसली नव्हती. ओट्याशी उभी राहून ती भिंतीवर टांगलेल्या जाळीकडे बघत होती. ग्लेनिसकडे न बघताच ती म्हणाली, "तुमच्या केकखाली फडकं का नव्हतं?"

"पायपर!"

ग्लेनिसने रोवेनाला हातानेच थांबवलं. किटली वाजायला लागली तरी ती उठली नाही. शेवटी रोवेनानेच गॅस बंद केला.

"फडकं केन अंथरायचा," ग्लेनिस म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं. मी गरम साचा घेऊन भट्टीकडून वळले की जाळीवर फडकं असायचंच. मी कधी बघितलंसुद्धा नाही तिकडे. त्या दिवशी वळले आणि साचा उपडा केला. नेहमीसारखा."

"म्हणजे तुम्ही विसरला नाहीत. ते तुमचं काम नव्हतं."

"नव्हतं."

"मग आता ते कुणाचं काम आहे?"

ग्लेनिसने भिंतीवरच्या जाळीकडे पाहिलं. रोवेना खुर्चीतून अर्धी उठली होती. पर्स घ्यावी आणि निघावं, इतकंच तिच्या मनात होतं.

"माझंच म्हणायचं," ग्लेनिस म्हणाली.

"मग ते लिहून लावा इथे. भट्टीच्या दारावर. नाहीतर पुन्हा होईल."

"लावीन."

पायपरचं समाधान झालं. ती खाली बसली आणि बिस्किटांच्या डब्यावरचं चित्र पाहू लागली.

ग्लेनिस रोवेनाकडे वळली. "किती डबे आले असतील माझ्याकडे त्या महिन्यात, सांग. जेवणाचे. फ्रीजरमध्ये मावेनात. सगळं गाव अजून माझ्याशी दवाखान्यात बोलावं तसं बोलतं. पण फडक्याचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. वळ काय कुणाला दिसले नसतील? परीक्षक बाईंना दिसले, मर्लला दिसले, मला तर रात्रीच दिसले होते. तरी नेऊन ठेवला केक. दुसरा करायचं त्राण नव्हतं. आणि त्यांनी त्याला निळी फीत लावली."

"म्हणजे तुम्ही पायपरवर रागावला नव्हता?"

"रागावले होते. खोटं कशाला बोलू? गाडीत बसून ढसाढसा रडले. खरं असलं म्हणून लागत नाही की काय माणसाला?" तिने कपात दूध घातलं. "मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, रोवेना. ही मी तिला दिसले नाही?"

रोवेनाकडे घोकलेली बरीच वाक्यं होती. त्यातलं एकही तिने वापरलं नाही.

"तुम्ही दिसलात," ती म्हणाली. "केकही दिसला. तुमची आणि केकची गाठ कशी पडते, ते तिला दिसलं नाही. आपल्याला ती गाठ आपोआप दिसते, कुणी न सांगता. तिला सांगावी लागते. साध्या शब्दांत, एकदा. मग ती विसरत नाही, आपण विसरतो. मी तिला तेव्हा सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच लाज वाटत होती."

ग्लेनिसने मान डोलावली, पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही. मग ती पायपरला म्हणाली, "पोरी, ऐक. तू केकबद्दल मोठ्याने विचारलंस ना, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ते सोसवलं नाही."

पायपरने विचार केला. "तुमच्याकडे का बघितलं? मी तर केकबद्दल बोलत होते."

"केक माझा होता. आणि केन नुकताच गेला होता. लोकांना दोन्ही माहीत होतं."

"कार्ड उलटं ठेवलेलं असतं, शेरा वर आणि नाव खाली. कुणाचा केक ते माहीत नसतं."

"इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं."

"मग कार्ड उलटं कशाला ठेवतात?"

"देव जाणे," ग्लेनिस म्हणाली.

"माझ्याकडे सगळ्यांनी बघितलेलं मला पण नाही सोसवत," पायपर म्हणाली.

"पायपर, सॉरी म्हण," रोवेना सवयीने म्हणाली.

"पण नियम बरोबर होता."

"सॉरी राहू दे." ग्लेनिसने बिस्किटांचा डबा उघडून पुढे सरकवला. "हॉलमध्ये तुझं काय काय बघायचं राहिलंय, ते सांग."

पायपरने सांगितलं. टेबलाटेबलाने सांगितलं. चहा निवला, पंधरा मिनिटांची पन्नास झाली. ग्लेनिस मध्येच थांबवून विचारायची, "लोणच्यांचं टेबल खिडकीशी कशाला हवं?" आणि पायपर सांगायची, उजेडात गाळ दिसतो म्हणून. निघताना ग्लेनिस म्हणाली, "परीक्षण आटोपून परीक्षक बाई साडेअकराला जातात. दार उघडतं बाराला. मधला अर्धा तास हॉल रिकामा असतो. मागच्या दाराने ये."

"बाराच्या आधी लोकांना प्रवेश नाही."

"कारभारणीला सोबत एक माणूस नेता येतो. आजवर केन यायचा."

पायपरने पाठपिशवीतून पुस्तिका काढून पान उलटलं. "आहे," ती म्हणाली.

मर्लला हे कळलं तेव्हा तिने रोवेनाला फोन केला. "ग्लेनिसला काय पाजलंस गं?"

"तिनेच मला चहा पाजला."

"हं. काही झालं तर मी बोलले नव्हते असं म्हणू नकोस."

शोच्या दिवशी साडेअकराला पायपर मागच्या दाराशी उभी होती, कानांवर आवाज अडवणारा जाड कर्णटोप चढवून. मैदानावर ओंडके तोडायच्या शर्यतीचा दणदणाट चालला होता आणि भोंग्यावरून कुणीतरी हरवलेल्या चाव्या पुकारत होतं. ग्लेनिसने दार उघडलं. आत गार होतं, शांत होतं, लोण्याचा आणि व्हिनेगरचा वास होता. पायपरने कर्णटोप काढून आईच्या हातात दिला. असं ती घराबाहेर फारसं कधी करत नसे.

रोवेना मागच्या दारालगतच्या मोरीपाशीच थांबली.

पायपर पहिल्या टेबलापासून निघाली. प्रत्येक प्लेटीसमोर उभी राहून ती कार्ड वाचायची, मग पदार्थ बघायची आणि मग बोलायची. "हे खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक एका मापाचे नाहीत. ही बिस्किटं बरोबर आहेत. हे छान आहे. याचा रंग एका बाजूला गडद आहे, भट्टी तिरकी असेल." ग्लेनिस एक पाऊल मागून चालत होती. "हं," म्हणत होती. कधी चष्मा लावून स्वतः वाकून बघत होती.

सहाव्या टेबलावर पायपरचे स्कोन होते. त्यांना काही मिळालं नव्हतं. कार्डावर परीक्षकांनी लिहिलं होतं, 'आतून जरा ओलसर.' रोवेनाने मोरीची कड घट्ट धरली. पायपरने कापून ठेवलेला अर्धा स्कोन खाली वाकून निरखला.

"ओलसर आहे," ती म्हणाली आणि पुढच्या प्लेटीकडे गेली.

तेवढ्यात मर्ल चहाच्या कपांचा ट्रे घेऊन आत आली. ती दारातच थबकली. पायपर एका फळांच्या केकच्या कापलेल्या बाजूसमोर उभी होती.

"याच्या सगळ्या मनुका तळाला बसल्यात."

"कोण म्हणतं?" मर्लने विचारलं. तिचाच केक होता तो.

पायपरने बोट दाखवलं. "त्या बघा. वर एकही नाही."

मर्लने ट्रे खाली ठेवला. ग्लेनिसकडे बघितलं. ग्लेनिस छताकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"अठरा वर्षं," ग्लेनिस म्हणाली.

"आणि बोलली नाहीस!"

"तू चिटणीस आहेस गं बाई. तुला कोण बोलणार?"

"मनुका आधी पिठात घोळवतात," पायपर म्हणाली. "मग त्या वरच राहतात."

मर्लने वाकून केक बघितला. तिच्या मानेवर लाली चढत गेली. मग तिने एक खुर्ची ओढली, बसली आणि ट्रेमधला एक कप स्वतःच घेतला. "चालू दे तुझं," ती म्हणाली. "माझ्या बिस्किटांचं काय झालं, तेही सांग."

बाराला पाच मिनिटं कमी असताना बरण्यांचं टेबल उरलं होतं. चौतीस बरण्या. बाहेर पायऱ्यांवर गर्दीचा आवाज वाढत होता. रोवेनाने घड्याळाकडे पाहिलं, मग मर्लकडे. मर्लही घड्याळाकडेच बघत होती. ती उठली.

"थांबू देत बाहेर," ती म्हणाली. "दार पाच मिनिटं उशिरा उघडलं म्हणून कुणी मरत नाही. बघ गं तू सावकाश."

पायपर जागच्या जागी ताठ झाली. "बारा छापलंय."

"अगं, तुझ्यासाठीच–"

"बारा छापलंय! बारा!" तिचे हात मनगटापासून झटकायला लागले. ती बरण्यांकडे बघेना. मर्ल दोन पावलं पुढे आली, हात पसरून, पोरीला जवळ घ्यायला.

"मर्ल, हात नका लावू," रोवेना म्हणाली. आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं तिला नंतर नवल वाटलं. "आणि दार वेळेवर उघडा. तुम्ही उशीर केलात तर तिला बरण्या दिसणारच नाहीत, नुसतं घड्याळ दिसेल. तुम्ही मायेने करताय हे मला कळतं. तिला मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं."

मर्लचे हात खाली आले. ती पायपरकडे बघत राहिली. झटकणाऱ्या हातांकडे, मिटलेल्या तोंडाकडे. फळ्यावर कागद टाचला होता तेव्हा तिने तो वाचला असेल की नाही कोण जाणे. मग ती पुढच्या दाराशी गेली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"बाराला उघडते," ती म्हणाली. चिटणिसाच्या आवाजात, कोरडेपणाने. "चार मिनिटं आहेत. चार मिनिटांत किती होतात?"

हात थांबायला थोडा वेळ लागला. "नऊ," पायपर म्हणाली.

"मग नऊ बघ."

पायपरने नऊ बघितल्या. एकीचं झाकण गंजलेलं होतं, बाकी ठीक होत्या. मग ती वळून मागच्या दाराकडे चालू लागली, आणि ती बाहेर पडतेय तोच पुढे कडी सरकल्याचा आवाज आला आणि गाव आत लोटलं.

मागच्या पायरीवर मायलेकी बसल्या. पायपरने कर्णटोप पुन्हा चढवला आणि नकाशा रंगवायला घेतला. बरण्यांच्या टेबलाचा फक्त एक कोपरा लाल केला. रोवेना वाट बघत होती, आता रडं कोसळेल म्हणून. ते कोसळलं नाही. ते घरी पोचल्यावर यायचं होतं, आणि आलंही.

थोड्या वेळाने मर्ल बाहेर आली. भिंतीला टेकून तिने पायातला एक बूट काढला आणि पाय चोळला.

"पंचवीस राहिल्या ना गं?"

पायपरने कर्णटोप एका कानावरून सरकवला. "पंचवीस."

"पुढच्या वर्षी बरण्यांपासून सुरुवात कर."

"त्याने काही होत नाही. मग शेवटची दुसरी राहतील. सव्वाअकराला यायला हवं."

"सव्वाअकराला परीक्षक बाई आत चहा घेतात. कुणी असलेलं चालत नाही त्यांना."

"त्यांनी बाहेर घ्यावा."

मर्लने तोंड उघडलं. परीक्षक बाई दोनशे किलोमीटरवरून येतात, वीस वर्षं येतात, आणि त्यांना बाहेर बसा म्हणायची हिंमत आजवर कुणाला झालेली नव्हती.

"बाहेर ऊन असतं, पोरी," मर्ल म्हणाली.

"त्या झाडाखाली नसतं. सव्वाअकराला त्याची सावली पाण्याच्या टाकीपर्यंत येते. मी बघितलंय."

मर्लने वाकून झाडाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मग तिने बूट चढवला, एप्रनच्या खिशातून पेन काढलं, आणि जवळ कागद नव्हता म्हणून तळहातावरच लिहून घेतलं: चहा, झाडाखाली.